टवक्यावरचं कुंकू

रविवार, दिवेलागण

मनीने पुण्याहून फोनवर शिकवलं तसाच आज ढब्बूचा फोटो काढला. "आई, वरून काढला की कासव धोंड्यासारखं दिसतं. फरशीवर आडवी हो. आणि ते कुंकू पूस आधी." देवळातल्या कासवाला लावतात तसं मी त्याला दर शुक्रवारी लावते. ओल्या फडक्याने पुसलं, पोटावर झोपले. फोटो लई छान आला. डोळासुद्धा चमकतोय.

मनीला पाठवला, तर लगेच तिचा फोन. "आई, टवका कुठाय?"

लहानपणी तिच्या हातून तो पायरीवर पडला, तेव्हा पाठीचा टवका उडाला होता. आता पाठ गुळगुळीत. असं भरून येतं का? की... उन्हाळ्यात आम्ही करमाळ्याला देवीला गेलो, तेव्हा ढब्बू शेजारच्या लक्ष्मीअक्कांकडे होता. तिथं काही झालं, आणि त्यांनी दुसराच आणून दिला? छे. जुने फोटो सगळे पाहिले. प्रत्येकात नेमकं टवक्यावर कुंकू. मीच लावायचे, टवका दिसू नये म्हणून.

विणायचा माग बंद करून अक्का आल्या, नेहमीसारख्या कोथिंबिरीच्या काड्या घेऊन. "नीट खातो की नाही ओ?" विचारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, का मलाच तसं वाटलं? म्हटलं, "खातो की." खरंच खातो. हाक मारली की येतो, माझ्या हातून जास्वंद खातो.

मग टवका कुठाय?

मनीला सांगितलं, तो फोटो कुणाला दाखवू नकोस. आणि शुक्रवार नसताना कुंकवाचं बोट टेकवलं, नेमकं तिथंच.