मखराच्या आधी

१५ जून, रविवार
दत्ता आणि वहिनी सांगोल्याहून येऊन सानिकाला सोडून गेले. आता सहावी इथंच, शुक्रवार पेठेत, माझ्याकडं राहून. जाताना वहिनी मोरीपाशी हळूच म्हणाली, “वन्सं, पोर शहाणी व्हायचं दिस जवळ आल्यात. तुमी सांगा. तुमाला बोलाया येतंय.” म्हटलं, काळजीच सोड. वीस वर्षं व्यासपीठावरून हेच सांगतेय.

१८ जून, बुधवार
सांगितलं. उभी राहूनच, सवय. गर्भाशय, रक्त, विटाळ नावाचं थोतांड. शेवटी आवाज चढला. “लपवायचं नाही! लाजायचं नाही! खुशाल सगळ्यांना सांगायचं!” सा.नं टाळ्या वाजवल्या. मग जेवलीच नाही. भाषण लांबलं असावं.

२१ जून, शनिवार
मेडिकलवाल्यानं पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घातले. पिशवी परत दिली. “चोरीचा माल आहे का?” मागच्या बायका हसल्या. बरं वाटलं.
घरी माझीच फजिती. माझ्या वेळी जुन्या साडीचं कापड, आणि आता पाळीही बंद होऊन सहा वर्षं झाली. दाखवताना पॅड उलटा लावला, चिकट बाजू वर. सा. म्हणाली, “आत्या, हे अंगाला चिकटंल की!” दोघी हसून लोळलो. मग पाकिटावरचं चित्र बघून तिनंच नीट लावला. दप्तरात ठेवायला जुन्या चादरीच्या तुकड्याची पिशवीही तिनंच शिवली. आत दोन पॅड, एक चड्डी.
मग पिशवीची घडी करत तिनं विचारलं, “आत्या, गावाकडं सांगावंच लागतं का?” मी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा भाषणच झालं.

२२ जून, रविवार
आज नुसतं ऐकलं. तिची चुलतबहीण रेश्मा शहाणी झाली तशी मखरात बसवली. हिरवी साडी, पाच बायकांनी ओटी भरली, गावजेवण. पुढच्या आठवड्यापासून स्थळं. आठवीतच शाळा सुटली.
“तिला लई आवडलं होतं मखर,” सा. म्हणाली. “मला बी आवडंल. म्हणून तर भ्या वाटतंय.”
पोर रक्ताला भीत नव्हतीच. आणि मी तिला ‘सगळ्यांना सांग’ म्हणून ओरडत होते.
संध्याकाळी दत्ताचा रविवारचा फोन. “अक्का, पोरीचं काय असलं तर आधी मला कळव. भावकी विचारत्या.”

२८ जून, शनिवार
वहिनी ज्वारी घेऊन आली, एकटीच. मी तिला समोर बसवून सुरुवात केली. कायदा, शिक्षण, कोवळ्या वयातली लग्नं, दहावीपर्यंत तरी मखर नको. अर्ध्यातच ती हसायला लागली.
“वन्सं, इतक्या शेरडा-मेंढरांची बाळंतपणं केली म्या. लेकीला पाळी सांगाया येत न्हाय व्हय मला? तितं आली असती तर दुपारपतूर मखर उभं ऱ्हायलं असतं. म्हणून हितं धाडली.”
म्हणजे तिला माझं भाषण नको होतं. माझं घर हवं होतं.
“दत्ताला कोण सांगणार?”
“मी सांगते सवडीनं, त्यांचा राग बघून. तुमी खोटं नगा बोलू. नुसतं गप बसा. जमंल का?”
दारातून ऐकणारी सा. खो खो हसली. मीही. एवढी पुस्तकं वाचली, पण ही बाई माझ्या आधीच पुढं जाऊन उभी होती. जाताना तिच्या पाया पडावंसं वाटलं. नात्यानं ती धाकटी. तरी वाकले. “अगं बया!” म्हणून पळाली.

१२ जुलै, शनिवार
दुपारी शाळेतून आली ती चपला न काढता समोर उभी. “आत्या, आलं! तिसऱ्या तासाला. बाईंना सांगून गेले. सरळ लावला.”
या खेपेला टाळ्या मी वाजवल्या. हळू. जिन्यावर शेजारीण होती.
पोट दुखतंय म्हणाली. गरम पाण्याची बाटली दिली, मऊ भात केला. वहिनीला फोन केला. पलीकडं मेंढरांचा आवाज, ती आधी त्यांच्यापासून लांब गेली. मग म्हणाली, “गूळ द्या तिला.”
संध्याकाळी माझी हिरवी साडी काढली. सा.ला नेसवली. मखर नाही, बायका नाहीत. आरशापुढून हलेचना. या पोरीनं मला किती शिकवलं, हे तिला कधीतरी सांगायला हवं. थोडक्यात.
साडीची घडी घालताना म्हणाली, “उद्या रविवार. पप्पांनी विचारलं तर?”
सभेआधी पिते तसं ग्लासभर पाणी प्याले. मग म्हटलं, “शाळेचं सांगेन. बाकी गप बसेन.”