सात नंबरच्या जोडीतली माझी जागा

प्रति,
मा. सहलप्रमुख,
ज्येष्ठांचा सहल गट,
चर्च कार्यालय (सभागृहामागची खोली)

विषय : बसमधील जोडी क्रमांक सातमध्ये माझी जागा परत मिळण्याबाबत.
संदर्भ : सूचनाफलकावरील जोड्यांची नवी यादी.

महोदय,

सविनय कळविते की, मी आपल्या गटाची दोन वर्षांपासूनची सभासद असून सर्व मंडळी मला टेलरबाई म्हणतात. बस सुटण्यापूर्वी स्वतःची हजेरी स्वतः द्यायची नाही, जोडीदाराने द्यायची, हा नियम आपणच घातला आहे. सात नंबर पुकारला की माझ्या जोडीदार नर्सबाई माझ्याकडे बघून "आहे आमची" म्हणत. घरी मुलगा-सून चांगले आहेत, तक्रार नाही. पण मी जेवले की नाही हे तिथे ताटं उचलताना कळते. त्या दोन शब्दांसाठी मी महिनाभर सहलीची वाट बघत असे.

२. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई तीन सहलींपूर्वी गटात आल्या. त्या नवख्या, रुळेपर्यंत सोबत हवी, म्हणून आपण त्यांना नर्सबाईंशेजारी बसविले व मला चालकामागच्या एकट्या सीटवर. माझी हजेरी आता चालक देतो, तीही मागे न बघता.

३. सदर बाई संत्री सोलून, शिरा काढून नर्सबाईंना भरवतात. त्यांच्या बोलण्यावर नर्सबाई जेवढ्या हसतात तेवढ्या माझ्या बोलण्यावर दोन वर्षांत हसल्या नाहीत. नर्सबाईंच्या कंबरेसाठी मी निळी उशी शिवून दिली होती, तिला अर्ध्या वाटेनंतर सदर बाईच टेकतात. मला हेवा वाटतो. अर्जात असे लिहीत नाहीत हे ठाऊक आहे, पण विषय तोच आहे.

४. मागील सहलीत माझ्याकडून एक गैरवर्तन घडले. तळ्यावरून निघताना मी मुद्दाम होड्यांच्या शेडमागे थांबले. नर्सबाईंना चुकल्याचुकल्यासारखे वाटते का, ते बघायचे होते. चालकाने सवयीने माझी हजेरी दिली आणि बस निघाली. एकाहत्तराव्या वर्षी, भर दुपारी, मला रडू आले.

फाटकापाशी बस थांबली. मागाहून कळले की नर्सबाईंना उशीवर झोप लागली होती; बस थांबवली ती सदर बाईंनी. "दर पाच मिनिटांनी मागे वळून माझ्यावर डोळे वटारणाऱ्या बाई कुठायत? आज मान वळलीच नाही," असे त्या चालकाला म्हणाल्या. मग उन्हातून चालत शेडपर्यंत आल्या. माझ्या हातावर संत्र्याच्या फोडी ठेवल्या, शिरा काढलेल्या, आणि बसमध्ये माझी चप्पल तुटल्याचे सांगून टाकले.

५. सबब मूळ मागणी बदलत आहे. बसची शेवटची सीट तिघांची आहे, ती सात नंबरला द्यावी. माझी हजेरी यापुढे सदर बाईंनी द्यावी, कारण नर्सबाईंचा डोळा लागतो. मात्र त्या दोघींच्या मधली जागा माझी राहील. यात तडजोड नाही.

पुढच्या सहलीआधी निर्णय फलकावर लागावा, ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
टेलरबाई, सध्या चालकामागे

दिनांक : तळ्याच्या सहलीनंतरचा तिसरा दिवस

सोबत :
१) निळ्या उशीच्या कापडाचा उरलेला तुकडा, पुराव्यादाखल.
२) त्याच कापडाची दुसरी उशी, टेलिफोनवाल्या बाईंसाठी. कोणी दिली ते सांगू नये. टाक्यावरून ओळखली तर ओळखू द्यावी.