मेणाखालची खूण

बाबा, आज तुमचा रेडिओ उघडला. ओट्यावर जुना टॉवेल अंथरून, सेल काढून, स्क्रू वाटीत ठेवून. बटण बंद आहे ना, ते तरीही पुन्हा पुन्हा पाहिलं.

शाळेच्या आधी आकडे मी याच्याच डायलवर शिकले. बातम्या, गाणी ऐकायचा साधा संच. आतल्या, स्टेशन जुळवणाऱ्या कॉइलचा गाभा किंचित फिरवून तुम्ही त्यावर घरच्या सेटवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांची बोलणी आणलीत. ती आधी बदकं बोलल्यासारखी येतात. अजून दिसतं, शेजारी दुसरा छोटा ट्रान्झिस्टर लावून तुम्ही त्याची चकती हळूहळू फिरवता आणि बदकाचा माणूस होतो. सिन्नरचे तुमचे मित्र विचारतात, "नाशिक, ऐकताय ना?" आणि थोडं थांबतात. तुम्ही भेंडी चिरता चिरता म्हणता, "ऐकतोय." आपल्याकडे फक्त ऐकायची सोय, बोलायची नाही. आई म्हणते, "अहो, त्यांना जातंय का ऐकू?"

"नाही जात. पण विचारलंय ना त्यांनी."

परवा त्या सिन्नरच्या काकांचा फोन आला. ते मुलाकडे राहायला जाताहेत, रविवारी शेवटचं बोलून सेट उतरवणार. म्हणाले, "पोरी, बाबांचा रेडिओ लावशील का?" लावला तर नुसती खरखर. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत स्टेशन जागेवरून सरकलंय. गाभा पुन्हा फिरवायला हवा, आणि तो हलू नये म्हणून त्यावर तुम्ही मेण ओतून ठेवलंय. ते फोडलं तर तुमच्या हातानं लावलेलं उरणार नाही, म्हणून रविवार उजाडेपर्यंत मी हात लावला नाही.

सकाळी टूथपिकनं मेण कोरलं. खाली आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका निघाला. 'आधी खूण, मग हात,' असं मला बजावायचात. स्वतःही पाळलं होतंत. त्याच्या शेजारी, तुम्ही गाभा जिथं सोडला होतात तिथं, माझा ठिपका दिला, सुकू दिला. मग सेल घालून, तुम्ही घासून ठेवलेल्या प्लास्टिकच्या विणकामाच्या सुईनं गाभा फिरवला, केसभर, आणखी केसभर. बदकं आली. ट्रान्झिस्टरची चकती फिरवली, मग काका आले, म्हातारे झालेले. सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाशिक, ऐकताय ना?" आणि नेहमीसारखे थांबले.

बाबा, मला म्हणता आलं नाही. ती जागा तुमची होती. त्यांचा सेट बंद झाला, नुसती खरखर उरली, तेव्हा मी म्हणाले, "ऐकतेय." ते काकांना नव्हतं.