लाकडी बैलांची खुली बाजारपेठ

रविवार, २७ जुलै
पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी खुशालरावांकडून यंदाचा पहिला लाकडी बैल आणला. इथे अमरावतीत अंबागेटच्या फुटपाथवर वर्षानुवर्षे ते एकटेच बसतात आणि मी दर वर्षी घेतो. (संग्रह. खेळणे नव्हे.) यंदाही मान डावीकडे. ओढला की गोल फिरतो. खुशालराव म्हणाले, बैल हाय साहेब, आपल्या मनानंच चालते.
दोष त्यांचा नाही. प्रतिस्पर्धी नाही, हा दोष. आमच्या पेपरासाठी लेखाचे शीर्षक सुचले: 'स्पर्धा हीच गुणवत्तेची जननी'. सौ. भावना म्हणाली, जननी राहू द्या, आधी पलंगाखालचा कळप काढा, झाडू जात नाही.

बुधवार, ३० जुलै. अकोला.
बातमीच्या निमित्ताने आलो. पिशवीत खुशालरावांचा बैल. ललित नावाच्या पोरगेल्या कारागिराकडे लाकूडकामाचे मशीन आहे, त्याला दाखवला. (नमुना म्हणून. चुगली नव्हे.) त्याने बैल टेबलावर सोडला, बैल वळत वळत खाली पडला. ललित म्हणाला, काका, हा पिऊन हाय का? म्हटले, तू नीट बनव, अमरावतीत वीक. तयार झाला.
परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत आनंद. पुढे पिशवीतला बैल वर्तमानपत्राखाली झाकला. (धूळ म्हणून. लाज नव्हे.)

रविवार, १० ऑगस्ट
ललितने दुकान मांडले, तेही थेट खुशालरावांसमोर. (अमरावतीत म्हणालो होतो, नाकासमोर नव्हे.) बैल देखणे. सागवान, पॉलिश, सरळ रेषेत चालतात. तत्त्व सिद्ध होण्याच्या मार्गावर. एक घेऊन रुमालात गुंडाळला, तोच खुशालरावांची हाक. म्हणाले, पाहा साहेब, कोन्या मेल्यानं या अकोल्यावाल्याले इथं आणून बसवलं! वर्षाचा माझा एवढाच सीझन. तुमी पेपरवाले, लावा न त्याचा पत्ता.
लावतो म्हणालो. त्यांचे तीन बैल घेतले.

बुधवार, १३ ऑगस्ट
संकल्प: अंबागेटला फिरकणे नाही. बाजाराला बाजाराच्या नियमाने चालू द्यावे.
संध्याकाळी: फिरकलो. ललितकडे चार आया उभ्या, खुशालरावांकडे माशी. त्यांचे चार बैल घेतले. म्हणाले, तुमचीच माया साहेब.

रविवार, १७ ऑगस्ट
'स्पर्धेमुळे जुना कारागीर जिद्दीला पेटला' हे वाक्य लिहून ठेवले. पेटला का, ते सवडीने पाहीन. संस्कृतात मात्स्यन्याय म्हणून एक प्रकार आहे, मोठा मासा लहानाला गिळतो. तो इथे लागू नाही. लागू असलाच तर प्रायश्चित्ताची सोय आहे, आणि ते मी रोज पिशवीतून आणतो आहे.
भावना म्हणाली, इतके बैल झाले, आता नांगरायला वावर घ्या.

बुधवार, २० ऑगस्ट
कबूल करायचेच ठरवून गेलो. वाक्य पाठ होते: खुशालराव, तो मेला मीच. त्यांनी आधी चहा मागवला. म्हणाले, पयले लय भेव वाटलं. म्हनलं, चाकं बदलाव, लाकूड चांगलं आनाव. पण तुमच्यासारखा जानकार माणूस समोरचा चकचकीत माल सोडून माझाच नेऊन राहिला, मंग काहून बदलू? आता तर भराभर उरकून राहिलो.
ताजा बैल दाखवला. एकच कान.
कबुली राहिली. पाच घेतले. घरी येऊन लेख संपादकांना पाठवला. तत्त्व म्हणून तो बरोबरच आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा.
उद्या तान्हा पोळा. म्हटले, निदान ललितचा नवा माल पाहून मन रमवावे. एक बैल उचलला. चाक हातात राहिले. पॉलिश नाही. पाय चार, पण चारही वेगवेगळ्या मापांचे. विचारले, अरे, हे काय? म्हणाला, काका, काँपिटिशन हाय. माझा चांगला माल आया हातात घेतात, भाव करतात, ठेवून देतात. न त्या बुढ्याचा वाकडा माल सटासट जाऊन राहिला. कोनतं तरी मोठं गिऱ्हाईक गवसलं त्याले. लोकायले असंच आवडते तर मी काहून घासत बसू?
आया पलीकडच्या दुकानातून प्लास्टिकचे बैल घेऊन चालल्या होत्या.
संपादकांना फोन केला, लेख थांबवता येईल का? म्हणाले, पान छपाईला गेलं. फार छान लेख. सोबत वहिनींकडून तुमच्या संग्रहाचा फोटोही मागवला, यंदाची सगळी खरेदी पलंगावर मांडून काढलाय. तुम्ही मधोमध झोपलेले.
कोणते बैल खुशालरावांचे आणि कोणता ललितचा, ते ओळखू येते का, विचारले. म्हणाले, म्हणजे काय, रंगीत घेतलाय.
खुशालराव आमचाच पेपर घेतात. वाचून झाला की समोर ललितला देतात.