पापडाच्या ओसरीचा मालकी हक्क

मी, दिगंबर गजानन उपासनी, वय ६९, दिवाणी कचेरीतील माजी नाझर, राहणार बऱ्हाणपूर, जिल्हा निमाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीत कळ येते, पण डोके ठिकाणावर आहे. धाकटे बंधू दत्तात्रय यांना शंका असल्यास त्यांनी येऊन वाद घालून पाहावा.

१. राजपुऱ्यातील घर माझ्या स्वकष्टाचे आहे, वडिलार्जित नाही. ते ओसरीसकट माझी विधवा सून कुसुम (धंदा: व्यापार) हिला देतो. हयातीपुरते किंवा पोटगीदाखल मुळीच नाही. विकावे, गहाण ठेवावे, कोणास द्यावे, सर्व हक्क तिचा. ओसरीवर तिचे दुकान आहे आणि माझे डोळे मिटताच ते बंद करण्याचा दत्तात्रयाचा बेत मला ठाऊक आहे, म्हणून इतकी फोड करून लिहितो.

२. माझा मुलगा गेल्यावर तिने पापड विकायचे काढले, तेव्हा दत्तात्रय ओरडला, "उपासन्यांच्या घरात अन्न विकायचं?"

कुसुम दाराआडून म्हणाली, "मामंजी, शिजवलेलं विकू नये ना? पापड तर कच्चा असतो."

कचेरीत जन्म घालवला, पण असा मुद्दा काढणारा वकील मी पाहिला नाही. मला हसू आवरेना. पुढे सोवळ्यातला म्हणूनच तो पापड खपू लागला. फोपनारचा गिरधर उडीद आणून देतो, तो सांगतो, "काका, बाजारात लोक दुसरा पापड देखतबी नाहीत, बाईचाच मागतात."

३. कुरडया मात्र तिने कधी विकल्या नाहीत, कारण त्यांचा चीक शिजवावा लागतो. गिऱ्हाईक हटूनच बसले तर चार फुकट बांधून देते. इतकी सचोटी मला जमली नसती. यापुढे विकाव्यात की वाटाव्यात, हे तिने ठरवावे.

४. दत्तात्रयास घराण्याच्या अब्रूची फार काळजी. त्या अब्रूच्या देखभालीसाठी माझे जरीचे पागोटे त्यास द्यावे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कुसुमनेच करावी. लेखनिक चुडामण याने सवयीने तिच्या नावापुढे "धंदा: घरकाम" लिहिले होते. तो शब्द मी स्वहस्ते खोडून "व्यापार" केला आहे. ही खाडाखोड मला मान्य आहे.

हा लेख सर्वांसमक्ष वाचून दाखवला. पाचवे कलम झाल्यावर कुसुम म्हणाली, "मामंजी, तेवढं परत वाचा ना."

म्हणून ते कलम परत वाचले, आणि सही केली.

दिगंबर गजानन उपासनी

साक्षीदार: भाईदास शहा, कापड दुकानदार
यादव पुराणिक, शिक्षक

बऱ्हाणपूर, ता. १० फेब्रुवारी १९३५