हप्ता थांबवण्याआधी

ती. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढू नकोस, तुझा आवाज खालूनही माडीवर पोचतो.

यांचा कारखाना बंद पडला, तरी घराच्या कर्जाचा हप्ता मी आजवर चुकू दिला नाही. चहातलं दूध गेलं, मग चहाच गेला. आता यांची हृदयाची गोळी मी अर्धी करून देते. हे हसतात, "पगार नाही तरी अर्धी मिळते, बाईसाहेब उदार आहेत!" मला हसू येत नाही.

म्हणून बँकेत सवलत मागायला गेले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही वेळेवर भरताय म्हणजे तुम्हाला अडचण नाही. हप्ते थकले की या, मग बघू." घरी येऊन देवासमोर बसले, पण त्याच्याकडे काय मागावं तेच कळेना. कुणाचं बुडवू नये असं आईनं शिकवलं. पण यांची गोळी मोडून द्यायची वेळ आली तर काय करावं, ते तिनं कुठे शिकवलंय?

या महिन्यापासून हप्ता थांबवायचं मनात आहे. पण कर्जाला जामीन तू आहेस. बँक आधी माझ्या दारी येईल, मग तुझ्या. तुझ्या चिमीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांना तुला हात लावावा लागेल.

तू "भर" म्हणालास, तर मी निमूटपणे भरीन. पण दादा, तसं म्हणू नकोस रे.

तुझी,
धाकटी