सत्तावीस मुलांची एकच भाषा

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला (आणि खोकल्यावरचं त्यांचं व्याख्यान) थांबला का? आता तक्रार. गेल्या महिन्यात मी तुला अडीच पानांचं पत्र धाडलं, आणि त्याची पोच म्हणून फोनवर काय आलं, तर एक पिवळा अंगठा. ताई, अंगठा उठवायची पाळी आपल्या घरात आजवर कुणावर आली नव्हती. मी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. त्यात ना कर्ता, ना कर्म. असो, क्षमा केली आहे.

तर वृत्तांत असा, की मी संकेतस्थळ काढलं. (तू वेबसाइट म्हण, मी रागावणार नाही.) माझ्या सातवीतल्या मुलांचं लिखाण चार लोकांनी वाचावं, हा शुद्ध हेतू. शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी एका दुपारात सांगाडा उभा करून दिला आणि ‘सर, आता फक्त मुलांचे कागद चढवा’ म्हणून त्या निघून गेल्या. पण कामात ‘फक्त’ आलं की माझं काही खरं नसतं. आधी नाव ठरवण्यात आठवडा गेला. मग माझा फोटो. मग ‘संपादकाचे मनोगत’, जे मनात होतं त्याहून बरंच लांबलं. हिला दाखवलं तर म्हणते, ‘मुलांचं कुठाय?’ म्हटलं, खाली सरकव. ‘अजून?’ अजून थोडं. ‘अहो, बोट दुखायला लागलं, अजून तुम्हीच आहात!’

मुलांचे सत्तावीस कागद मी स्वतः टाइप केले. आता तू मला ओळखतेस. (तू मैत्रिणीला लिहिलेलं पत्र पेटीत टाकायला दिलं होतंस आणि मी ते वाटेत सुधारलं, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. ती बिचारी महिनाभर तुला अहोजाहो करत होती.) एका मुलानं लिहिलं होतं, ‘सायकल पंक्चर झाली आणि मी रडलो.’ मला ते बघवेना. सायकलीचं मी द्विचक्री केलं आणि रडण्याचा अश्रुपात. मग हात थांबेचना. वर्गात एक मुलगी आहे, आवाज इतका बारीक की पोरं तिला मुंगी म्हणतात. तिचे वडील एका उंच कचेरीत लिफ्ट चालवतात. तिनं लिहिलं होतं, ‘बाबा दिवसभर वरखाली जातात. घरी आले की मी विचारते, कुठे गेला होतात? बाबा म्हणतात, कुठेच नाही.’ याचं मी काय केलं, तर ‘आरोह-अवरोहाच्या अविरत चक्रात स्थितप्रज्ञतेने उभे असलेले माझे वंदनीय पिताश्री’. आणि लिहून झाल्यावर, सांगायला लाज वाटते, खुर्चीत मागे रेलून मी स्वतःवरच प्रसन्न झालो. कागद पाठकोरे होते. फुकट का घालवा, म्हणून त्यांच्या चार-चार चिठ्ठ्या कापल्या आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न लिहून वर्गात वाटल्या. पुढे त्या केरात गेल्या.

उद्घाटन पालकसभेत झालं. भिंतीवर पडदा, पडद्यावर मी, आणि बऱ्याच सरकवण्यानंतर मुलं. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बघा, सरांनी काय तयारी करून घेतली आहे! सत्तावीस मुलं, पण भाषा सगळ्यांची एकसारखी!’ टाळ्या पडल्या. (मीही वाजवल्या. अजून कळलं नव्हतं.) मग मुंगीला वाचायला उभं केलं. ती आरोहाला अडखळली, अवरोहाला थांबली, स्थितप्रज्ञतेला तिनं माझ्याकडे पाहिलं. खाली उतरल्यावर टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, ‘सर, छान आहे. कुणाचं आहे?’

मी म्हटलं, अगं, तुझंच! तिनं मान हलवली, मोठ्या माणसांना वाईट वाटू नये म्हणून मुलं हलवतात तशी. तिचे वडील गणवेशावरच आले होते. हात जोडून म्हणाले, ‘फार मोठं लिहिलंत सर आमच्याबद्दल. फक्त एक विचारू का? हिनं घरी वाचून दाखवलं होतं, तेव्हा मी खूप हसलो होतो. तो भाग कुठे गेला?’

ताई, घरी येऊन मी सत्तावीसच्या सत्तावीस पानं काढून टाकली. संकेतस्थळावर आता फोटो आणि मनोगत एवढंच उरलं आहे. म्हणजे फक्त मी. अलम् अतिविस्तरेण. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. – कंबरेची चौकशी मनापासून केली आहे, तरी पत्राचं कारण ती नव्हे. कागद कापण्याआधी मुंगीच्या कागदाचा फोटो मी तुला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘बघ, ही यांची भाषा!’ आणि पुढे तीन हसरे चेहरे. आपण दोघं तिला हसावं म्हणून पाठवला होता. माझ्या फोनमधून तो पुसला गेला आहे आणि मला वर लिहिलेल्या ओळींपलीकडे काही आठवत नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव. जसा आहे तसा.

ता.क. २ – परवा वर्गात म्हटलं, मनात येईल ते लिहा. बाकीच्यांनी लिहिलं. मुंगी पेन हातात धरून बसली होती. म्हणाली, ‘सर, तुम्ही सांगा ना, मी उतरवून घेते.’ ती आता पुन्हा लिहिणार नाही अशी मला भीती वाटते. फोटो मिळाला तरीही.